सगळी कार्डं हिरवी

७ जुलै

ताई,

वर नमस्कार लिहायला पेन टेकवलं होतं, पण हात पुढे सरकेना. तेव्हा तो राहू दे.

भिंगरीला काल नव्या शाळेतून पहिलं कार्ड मिळालं. सगळं लाल. जागेवर बसली का? नाही. दिलेलं काम संपवलं का? नाही. दुसऱ्याचं बोलणं तोडलं का? हो, आणि त्यापुढे वर्गशिक्षकांनी बारीक अक्षरात लिहिलंय, 'माझंसुद्धा.' भिंगरीने ते माझ्या हातात दिलं आणि बूट न काढताच स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन उभी राहिली. मी वाचलं आणि रडले. तिला वाटलं, तिच्यामुळे. मग तिला जवळ घेऊन सांगावं लागलं की अगं, बरं वाटलं म्हणून रडतेय. आता आईलाच दवाखान्यात न्यावं लागणार, अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं.

फोन केला असता, पण तू 'मीटिंगमध्ये आहे' म्हणून ठेवतेस. एप्रिलमध्ये तिचा दाखला काढला तेव्हापासून तुझी मीटिंग संपलेलीच नाही. पत्र मात्र तू शेवटपर्यंत वाचतेस, लाल पेन हातात घेऊन का होईना. लग्नानंतरचं माझं पहिलं पत्र तू चुका दुरुस्त करून परत पाठवलं होतंस. सासरी सगळे हसले होते. मीही हसले होते, तेव्हा मला तुझं सगळंच गोड लागायचं.

तुझ्या शाळेतल्या तीन वर्षांत असं लाल कार्ड घरी कधी आलं नाही. सहावीत तिला तुझ्याकडे घातलं, तेव्हा तू तुझ्या मुख्याध्यापिकेच्या खोलीतल्या फळ्यावर खडूने त्रिकोण काढला होतास. एका टोकाला शाळा, एका टोकाला घर, एका टोकाला डॉक्टर. "ज्या मुलांचं लक्ष टिकत नाही, ज्यांना एका जागी बसवत नाही, त्यांच्यासाठी या तिघांनी एकमेकांशी बोलत राहायला हवं," असं म्हणालीस. प्रत्येक तासाला शिक्षक कार्डावर खूण करणार, जमलं तर हिरवी, नाही तर लाल. संध्याकाळी मी सही करणार, आठवड्याला तू करणार, आणि महिन्याचा गठ्ठा डॉक्टरांकडे जाणार. केवढा अभिमान वाटला होता मला. बाकीच्या शाळा अशा मुलांना शेवटच्या बाकावर टाकून मोकळ्या होतात, आणि माझी बहीण त्रिकोण काढते.

गठ्ठे बघून डॉक्टर काय म्हणाले तेही तुला ठाऊक आहे. "ही अडचण खरी असेल तर घरी आणि शाळेत, दोन्हीकडे दिसायला हवी. शाळेत तर सगळं हिरवं आहे. म्हणजे घरात काय बिनसतंय ते बघू." गोळी नाही, शाळेत वेगळी मदत नाही. मला मात्र पालकांच्या वर्गाला धाडलं. तिथे स्वतःला मूलबाळ नसलेल्या एका मुलीने मला हळू आवाजात "बाळा, बूट जागेवर ठेव" म्हणायला शिकवलं. मी घोकून घोकून शिकले. बूट अजून जागेवर नाहीत. भिंगरीच्या बाबांना तर आयतंच मिळालं. "तुझ्या आवाजामुळे होतं हे सगळं, शाळेत बघ कशी गुणी आहे," हे मी भाजी वाढताना, कपडे वाळत घालताना, दाराला कुलूप लावताना ऐकलंय.

नवी शाळा मी मुद्दाम लांबची बघितली, जिथे तुला कुणी ओळखत नाही. तिथे तुझ्याच त्रिकोणातल्यासारखं कार्ड आहे, तुझ्याकडूनच शिकलेत म्हणे. आणि तिथे ते पहिल्या दिवशी लाल आलं.

मला एवढंच विचारायचंय. तुझ्या शाळेत ती कार्डं हिरवी कशी यायची?

धाकटी


२८ जुलै

ताई,

उत्तर मिळालं. शाळेच्या छापील कागदावर, जावक क्रमांक घालून. सख्ख्या बहिणीच्या पत्राला जावक क्रमांक घालणारी जगात तू एकटीच असशील. 'आमच्याकडील शिस्तबद्ध वातावरणामुळे सदर विद्यार्थिनीचे वर्तन समाधानकारक होते.' सदर विद्यार्थिनी. चालायला लागली तेव्हा घरभर गरगर फिरते म्हणून तिला भिंगरी म्हणायला लागलीस ती तूच ना?

मला ते उत्तर पुरलं असतं कदाचित. मी अजून तुझ्यावर विश्वास ठेवायला तयार होते, यावर तू विश्वास ठेव. पण गेल्या शुक्रवारी मी तिचे जुने कागद न्यायला तुझ्या शाळेत आले होते. तू नव्हतीस. ऑफिसमधून बाहेर पडले तर आठवीच्या वर्गशिक्षिका, गणिताच्या बाई, माझ्यामागे सायकल स्टँडपर्यंत आल्या. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. आठवीच्या वर्गशिक्षिका म्हटल्यावर नाव लिहायचं काय राहिलं म्हणा. पण त्यांच्या केसालाही धक्का लागला तर मी शाळेच्या फाटकात येऊन बसेन, एवढं लक्षात ठेव.

त्या म्हणाल्या, "भिंगरी कशी आहे हो? मला झोप लागत नाही त्या पोरीच्या विचाराने."

मी म्हटलं, "लाल कार्ड आणलंय तिने."

त्यांनी आवाज खाली आणला. मग म्हणाल्या, "मोठ्या मॅडमच्या भाचीला लाल कोण करणार, सांगा. मी अजून नोकरीत कायम नाही."

"तसं कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"नाही हो, कुणी कशाला सांगेल? पहिल्या महिन्यात विज्ञानाच्या सरांनी केलं होतं लाल. मॅडमनी त्यांना खोलीत बोलावलं. म्हणाल्या, 'सर, बाकी सगळ्यांच्या तासाला बसते, तुमच्याच तासाला कशी बसत नाही ती?' बस, एवढंच. रागावल्यासुद्धा नाहीत. पण स्टाफरूममध्ये सगळ्यांना कळायचं ते कळलं. त्या दिवशीचं कार्ड सरांनी नवीन लिहून दिलं."

मी विचारलं, मग वर्गात ती करायची तरी काय. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "वर्गात कुठे असायची ती? तास सुरू झाला की आम्ही तिला काहीतरी आणायला धाडायचो. खडू आण, नकाशा आण, वरच्या मजल्यावर निरोप दे. तिथले सर तिला आणखी कुणाकडे धाडायचे. तिचा दंगा नाही, मग हिरवं करताना खोटं केल्यासारखंही वाटायचं नाही. आणि ती करायची इतकं मनापासून. वह्या विसरेल, डबा विसरेल, पण निरोप कधी विसरली नाही."

ताई, मी दिवसभर लॅबमध्ये बसून दातांच्या कॅप बनवते. दातांचे डॉक्टर तोंडाचा साचा पाठवतात, त्यावरून मी दात घडवते. पेशंटचं तोंड मला कधी दिसत नाही. साचा चुकीचा आला तर दात कितीही सुबक करा, बसत नाही. आपल्या डॉक्टरांना मी तीन वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या. त्यांच्याकडे साचाच खोटा जात होता.

आता कामाचं. नव्या शाळेतल्या समुपदेशक बाईंनी लाल कार्डं बघून त्याच डॉक्टरांना फोन लावला, वर्गशिक्षकांना बोलावून घेतलं, आणि माझ्यासमोर तिघं बोलले. गोळी सुरू झाली आहे. तिला भिंतीकडच्या पहिल्या बाकावर बसवतात. काम तुकड्यातुकड्याने देतात. अगदीच बसवेना तर वर्गामागे उभं राहून वाचायची परवानगी आहे, पण वर्गाच्या आत. समुपदेशक बाईंना आढळलं की तिला अपूर्णांकांची साधी बेरीज येत नाही. येणार कशी, तुझ्या शाळेत अपूर्णांक शिकवत होते तेव्हा ती खडू आणत होती.

पुढच्या वर्षी तिची बोर्डाची परीक्षा. अशा मुलांना जास्तीचा वेळ आणि वेगळी खोली मिळते. त्याशिवाय ती पास व्हायची नाही, हे तिचे शिक्षकच सांगतात. पण अर्जासोबत आधीच्या शाळेच्या नोंदी लागतात, आणि त्या नोंदी म्हणजे तुझी हिरवी कार्डं. डॉक्टर म्हणाले, तिथल्या मुख्याध्यापिकांनी लिहून दिलं की त्या नोंदी खऱ्या नव्हत्या, तर काम होईल. सप्टेंबर संपायच्या आत हवंय. मला तुझ्याकडून माफी नको. एक कागद हवा आहे. जावक क्रमांक घालून.

धाकटी


२० ऑगस्ट

ताई,

तुझं लांबलचक पत्र वाचलं. या वेळी साध्या कागदावर लिहिलंस, त्याबद्दल आभार.

तू म्हणतेस, तू कुणावर दबाव आणला नाहीस. मान्य. तू कधीच आणत नाहीस. लहानपणीही तू नुसती एक भुवई वर करायचीस आणि मी खिडकीतली जागा सोडून उठायचे. तुला ती जागा कधी मागावी लागली नाही, म्हणून तुला वाटतं की मी ती आपणहून देत होते.

तू म्हणतेस, असा कागद दिला तर कार्डांच्या योजनेचं नाव खराब होईल आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या बाकीच्या मुलांचं नुकसान होईल. या वाक्यावर मी बराच वेळ थांबले. कारण ते खरं आहे. तुझ्या योजनेने त्या मुलांचं भलंच झालं. ती कुणाची भाची नव्हती, त्यांना हक्काने लाल मिळालं, म्हणून डॉक्टरांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं, शिक्षकांनी त्यांना पुढे बसवलं. तुझ्या शाळेतल्या अशा प्रत्येक मुलाला तुझा उपयोग झाला. फक्त आपल्या भिंगरीला झाला नाही. नातं नसतं तर तिचं बरं झालं असतं, असं लिहायची वेळ आली माझ्यावर.

आणि तू म्हणतेस, तुला यातलं काही माहीत नव्हतं. हे मात्र मला गिळवत नाही.

तुझ्या खोलीचं दार व्हरांड्यात उघडतं. परवा मी भिंगरीला सहज विचारलं, मोठीमावशी शाळेत भेटायची का गं? ती खुलली. "रोज! मी निरोप घेऊन जाताना ती दारातच असायची. म्हणायची, 'काय गं, आज कुणाची कामं?' आणि चॉकलेट द्यायची. मी तिची खास होते." मोठीमावशी, व्हरांडा, चॉकलेट. भर तासाच्या वेळेला, रोज. आणि आठवड्याच्या शेवटी त्याच दिवसांच्या कार्डांवर 'जागेवर बसली' याखाली तू सही करत होतीस. मी लॅबमध्ये काम करते, मला फार अक्कल नाही, पण एवढी बेरीज मला येते.

एक जेवण आठवतं तुला? आठवीची सहामाही संपली होती, तू आमच्याकडे आली होतीस. भिंगरीने पाण्याचा ग्लास पुन्हा सांडला आणि मी तुझ्यासमोर तिच्या थोबाडीत मारली. म्हणाले, "शाळेत येतं ना नीट वागता? मग माझ्याच घरात काय होतं तुला?" ती गालाला हात लावून म्हणाली, "मला नाही माहीत, आई." तिला खरंच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. त्या टेबलाशी बसलेल्या माणसांत फक्त तुला माहीत होतं. तू फडकं घेऊन पाणी पुसलंस आणि म्हणालीस, "मारू नये गं. पण घरी जरा वळण हवं."

त्या वाक्यासाठी मी तुला कधी माफ करणार नाही. कागद दिलास तरी नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे तो देताना तुला कसली आशा नको.

भिंगरीला परत पाठव, मी स्वतः शिकवीन, असं शेवटी लिहिलंयस. नको. ती आता सलग वीस मिनिटं बसते. तुझ्या तीन वर्षांत जे झालं नाही ते लाल खुणांनी करून दाखवलं. कागद पाठव.

धाकटी


१६ सप्टेंबर

ताई,

तुझ्या सत्काराला येणार नव्हते. भिंगरीच्या बाबांनी हट्ट धरला, चार लोक काय म्हणतील. आणि भिंगरी आमंत्रणपत्रिकेवरचा तुझा फोटो बघून नाचत होती. म्हणून आलो आणि शेवटच्या रांगेत बसलो. तू आम्हाला पाहिलंस, हेही मी पाहिलं.

तुझं भाषण छान झालं. तू नेहमीच छान बोलतेस. त्रिकोणाबद्दल बोललीस, तिथपर्यंत मी ऐकून घेतलं. मग तू म्हणालीस, "माझ्या शाळेत एक मुलगी होती. क्षणभर एका जागी न बसणारी. आमच्या शिक्षकांच्या प्रेमाने ती इतकी बदलली की तीन वर्षांत तिच्या कार्डावर एकही लाल खूण नाही." सभागृहात टाळ्या पडल्या. तुला काय गरज होती गं? दुसरी खरी सुधारलेली मुलं होती की तुझ्याकडे. त्यातलं एखादं घ्यायचं.

सगळ्यात जोरात टाळ्या कुणी वाजवल्या, तुला दिसलंच असेल. भिंगरी खुर्चीवर उभी राहिली होती. मला म्हणाली, "आई, माझ्याबद्दल बोलतेय ना ती?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? गणिताच्या बाई आमच्या पुढच्या रांगेत होत्या. त्यांनी मान खाली घातली ती शेवटपर्यंत वर केली नाही.

नंतर तू आलीस, भिंगरीला जवळ घेतलंस, फोटो काढला गेला. माझ्या हातात पाकीट दिलंस आणि दंडावर हात दाबलास. ताई, त्या एका मिनिटात मी तुला जवळपास माफ केलं होतं. मला वाटलं, हिने लिहिलं शेवटी. व्यासपीठावर जे बोलावं लागलं ते बोलली, पण कागद दिला. जिन्यात थांबून पाकीट फोडलं.

'शांत, आज्ञाधारक व एकाग्र विद्यार्थिनी. तिच्या उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा.'

पाकिटात तुझी चिठ्ठी होती, की हे पुढे कुठेही प्रवेशाला उपयोगी पडेल. मी तुझ्याकडे खरं मागितलं होतं, तू आणखी एक हिरवं कार्ड दिलंस. तू हे माझ्या नाकावर टिच्चून केलंस की तुला खरोखरच ही मदत वाटली, याचा मी चार दिवस विचार केला. मला वाटतं, तुला ही मदत वाटली. ते जास्त वाईट आहे.

अर्जाला दोन आठवडे उरलेत. भिंगरीच्या बाबांनाही मी जिन्यातच सगळं सांगितलं. घरी आल्यावर त्यांनी तिचे बूट उचलून जागेवर ठेवले.

धाकटी


९ ऑक्टोबर

ताई,

अर्ज नामंजूर झाला. कारण एका ओळीत दिलंय: 'आधीच्या शाळेच्या तीन वर्षांच्या नोंदींनुसार अडचण दिसून येत नाही.' समुपदेशक बाईंनी वर्गशिक्षकांची या वर्षीची सगळी लाल कार्डं जोडली होती, डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं की आधीचा माझा निष्कर्ष चुकला. त्यांनी चूक कबूल केली, ताई, त्यांच्याही नावापुढे पदव्या आहेत. पण त्या तिघांच्या बोलण्यापेक्षा तुझी सही भारी ठरली. तुझ्या शाळेचं नाव मोठं आहे ना.

फेरविचारासाठी महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. तोच एक कागद लागेल. नवं काही नाही.

भिंगरीला हे अजून सांगितलेलं नाही. ती वेळ मिळणार असं धरून चालली आहे. रोज संध्याकाळी घड्याळ समोर ठेवून पेपर सोडवते, नेहमीचा वेळ संपला की एक घोट पाणी पिते, मान मोडते आणि जास्तीच्या वेळेत पुन्हा बसते. परवा त्या जास्तीच्या वेळेत तिने अपूर्णांकांचं अख्खं पान सोडवलं. सगळी गणितं बरोबर नव्हती. पण सोडून दिलेलं एकही नव्हतं. ते पान मी तुला पाठवणार होते, मग वाटलं, कशाला, तू लाल पेन काढशील.

काल तिला सांगून टाकायचं ठरवलं. तिच्याजवळ जाऊन बसलेसुद्धा. माझा चेहरा बघून ती म्हणाली, "काही अडलंय का? मोठीमावशीला सांगू? ती करेल. निरोप असेल तर मी नेऊन देते."

म्हणून हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. तिच्या हाती देतेय. ती एकटी बसने येईल, सगळे थांबे तिने पाठ केलेत. तू हे वाचत असशील तेव्हा ती तुझ्यासमोर उभी असेल, आणि तिचे बूट तुझ्या दारात एक इकडे आणि एक तिकडे पडलेले असतील. पत्रात काय आहे ते तिला माहीत नाही.

तिला चॉकलेट देऊ नकोस. अर्ज नामंजूर झाला हे तिला तू सांग, आणि कशामुळे झाला तेही तूच सांग. ती तुझी खास होती, तुझ्याकडून ऐकू दे. ते जमणार नसेल तर टेबलाशी बस, कागद लिही आणि तिच्या हाती दे. यातलं एक काहीतरी तुला आज करावंच लागेल, कारण उत्तर घेतल्याशिवाय निघू नकोस, असं मी तिला सांगितलंय. आणि निरोपाच्या कामात ती चुकत नाही, हे तुझ्या शाळेतल्या सगळ्यांना माहीत आहे.

तू सांगेपर्यंत ती तिथेच उभी राहील.

धाकटी